इमारत-दुरुस्तीला बांधकाम क्षेत्रात मानाचे स्थान कधी मिळणार?

ओळंबा

नमस्कार.

मी संरचना अभियंता आहे. पहिली सात वर्षे नव्या इमारतींची संकल्पने (डिझाइन) केली आणि गेली पंधरा वर्षे ठाणे-मुंबई परिसरात जुन्या इमारतींची तपासणी व दुरुस्ती करतो आहे. मागच्या महिन्यात एका लग्नात वर्गमित्राने माझी ओळख करून देताना सांगितले, "हा पूर्वी टॉवर करायचा, आता फक्त रिपेअरिंग करतो." त्याच्या मनात काही वाईट नव्हते, पण तो ‘फक्त’ माझ्या मनातून जात नाही.

त्याच आठवड्यात आम्ही १९८४ साली बांधलेल्या एका चार मजली इमारतीचा तळमजल्यावरचा खांब उघडला होता. बाहेरून केसाएवढी उभी भेग तेवढी दिसत होती. हातोडीने हलके ठोकत खाली आलो, तेव्हा वर खणखणीत येणारा आवाज गुडघ्याच्या उंचीला बद्द झाला. गिलावा काढून ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन, म्हणजे अल्कता असेल तिथे गुलाबी होणारे रसायन, फवारले. गुलाबी रंग पृष्ठभागापासून जवळजवळ ४० मिलिमीटर आत गेल्यावर उमटला आणि सळ्या होत्या २५ मिलिमीटरवर. ज्या अल्कतेमुळे काँक्रीटमधली सळई गंजत नाही, ती अल्कता सळईच्या मागेपर्यंत संपलेली होती. याच खांबावर सहा वर्षांपूर्वी सिमेंट फासून वर रंग दिला होता आणि त्या कामाला सोसायटीच्या वहीत ‘दुरुस्ती’ म्हटले होते.

जुन्या कामात मूळ नकाशे बहुधा मिळत नाहीत, आत माणसे राहत असतात आणि टेकू लावून भार उतरवल्याशिवाय खांबाला हात लावता येत नाही. असे असूनही आमच्या क्षेत्रात हे काम दुय्यम मानले जाते. हुशार मुले इकडे वळत नाहीत, कुशल गवंडी नव्या कामावर निघून जातात आणि निदानाचे शुल्क द्यायची वेळ आली की समित्यांना ते वायफळ वाटते. माझे मत असे आहे की निदानाला स्वतंत्र किंमत आणि स्वतंत्र जबाबदारी मिळाल्याखेरीज या कामाला प्रतिष्ठा येणार नाही. आपापले अनुभव आणि विरोधी मते दोन्ही वाचायला आवडतील.

मुलुंडचे सचिव

मी ३८ वर्षांच्या इमारतीचा सचिव आहे, त्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यातून लिहितो आहे असे समजा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के रक्कम दरवर्षी दुरुस्ती निधीत आणि ०.२५ टक्के रक्कम सिंकिंग फंडात (मोठ्या कामांसाठीच्या राखीव निधीत) जमा व्हायला हवी. आमच्या मूळ बांधकामाचा खर्च आजच्या मानाने इतका किरकोळ होता की तेवढ्याने गच्चीचे वॉटरप्रूफिंगही होत नाही. वर्गणी वाढवायचा ठराव आणला की अर्धी सभा उठून जाते, कारण "पुनर्विकास होणारच आहे, मग पैसे कशाला घालायचे" हे वाक्य तयार असते. हे वाक्य मी आमच्या सभेत बारा वर्षे ऐकतो आहे.

आमच्या पहिल्या मोठ्या दुरुस्तीत तपासणी अहवाल, अंदाजपत्रक आणि कंत्राट तिन्ही एकाच माणसाच्या हातात होते. तिसऱ्या पावसाळ्यात पोपडे पडायला लागले. तेव्हापासून दुरुस्ती म्हटली की सभासदांना फसवणूकच आठवते.

रेवा

मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. चार वर्षांत आम्ही तुळया, खांब, स्लॅब आणि पाया यांची कितीतरी संकल्पने केली, पण गंजलेली सळई कशी दिसते हे मी वर्गात नव्हे तर आजीच्या बाल्कनीत पाहिले. दुरुस्ती आणि पुनर्बळकटीकरण हा आमच्याकडे ऐच्छिक विषय आहे आणि यंदा तो पुरेशा मुलांनी न निवडल्यामुळे उघडलाच नाही. अस्तित्वात असलेल्या काँक्रीटच्या इमारतींचे भूकंपाच्या दृष्टीने मूल्यमापन व बळकटीकरण कसे करावे यासाठी २०१३ पासून आयएस १५९८८ हे स्वतंत्र मानक आहे, हे मला प्रशिक्षणाच्या काळात एका ज्येष्ठ अभियंत्याने सांगितले. नव्या काँक्रीट बांधकामाचे मानक आयएस ४५६ मात्र आम्हाला पाठ आहे.

गिरणगावकर

ओळंबा, तुमच्या कामाबद्दल आदर ठेवूनच सांगतो, की ज्याचे आयुष्य उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) चाळीत गेले आहे त्याला दुरुस्ती या शब्दाबद्दल जिव्हाळा वाटणे फार कठीण आहे.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. गरीब भाडेकरूंना त्याचा मोठा आधार झाला, पण तेवढ्या भाड्यात मालकाने डागडुजी करणे थांबवले. इमारती पडू लागल्या, म्हणून १९६९ साली कायदा करून दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापले गेले, रहिवाशांकडून उपकर घ्यायला सुरुवात झाली आणि पुढे ते मंडळ म्हाडाचा भाग झाले. त्या वेळी अशा इमारती १९ हजारांहून अधिक होत्या. सप्टेंबर १९४० पूर्वीच्या ‘अ’ वर्गात, १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ वर्गात आणि सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’ वर्गात, अशी त्यांची विभागणी झाली.

आमची चाळ ‘अ’ वर्गातली होती. माझ्या लहानपणी जिन्याखाली लाकडी टेकू लागला. मी दहावी झालो, नोकरीला लागलो, माझे लग्न झाले, तरी तो टेकू तिथेच होता आणि गणपतीत आम्ही त्यालाच झिरमिळ्या गुंडाळायचो. टेकू लागला म्हणजे दुरुस्ती झाली, असे कागदोपत्री धरले जात होते. अशा दुरुस्तीची प्रतिष्ठा वाढवू नका, एवढीच विनंती आहे. आम्हाला शेवटी पुनर्विकासातच स्वतःचे स्वच्छतागृह असलेले घर मिळाले आणि माझ्या आईने त्या घराचे दार पहिल्यांदा आतून लावले, तेव्हा ती रडली होती.

ओळंबा

गिरणगावकर, तुमचे म्हणणे मी मान्य करतो आणि त्यात माझ्या प्रश्नाचा एक भाग मला नव्याने दिसतो. टेकू हा शस्त्रक्रियेपूर्वीचा आधार असतो. तो वीस वर्षे ठेवणे म्हणजे रुग्णाला टेबलावर झोपवून डॉक्टरांनी निघून जाणे आहे. सामायिक संडास, अंधारा जिना आणि १६० चौरस फुटांची खोली या अडचणी सळईला लेप देऊन सुटत नाहीत, म्हणून प्रत्येक इमारत टिकवावी असे माझे म्हणणे नाही. मात्र जी इमारत आणखी २० वर्षे सुखाने उभी राहू शकते, ती केवळ पहिली दुरुस्ती वाईट झाल्यामुळे पाडली जाते, तेव्हा मला वाईट वाटते.

सचिवसाहेब, तुमच्या तिसऱ्या पावसाळ्याचे कारण बहुधा असे असावे: फुटलेला भाग तेवढाच खरवडला, सळईच्या पुढच्या बाजूचा गंज पुसला आणि वर पॉलिमर मॉर्टर भरले. खरे तर सळईच्या मागे साधारण बोट जाईल एवढी जागा मोकळी करून तिचा पूर्ण घेर साफ करावा लागतो. शिवाय आजूबाजूच्या जुन्या काँक्रीटमध्ये क्लोराइड शिल्लक असेल, तर नव्या ठिगळाच्या कडेलाच गंजाला नव्याने सुरुवात होते. ठिगळ शाबूत राहते आणि शेजारी फुटते. हे आधी कळण्यासाठीच तपासणी असते.

दगडविटा

मी लहान प्रमाणावर पुनर्विकासाची कामे करतो, त्यामुळे माझी बाजूही नोंदवतो. सभासदाला दुरुस्तीसाठी खिशातून तीन-चार लाख द्यावे लागतात आणि हातात तेच घर उरते. पुनर्विकासात त्याला पदरचे काही न घालता मोठे घर, लिफ्ट आणि गाडीसाठी जागा मिळते, कारण वाढीव चटईक्षेत्र विकून खर्च निघतो. मुंबईत उपकरप्राप्त इमारतींना विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली ३ किंवा त्याहून अधिक चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) मिळतो, पण दुरुस्त केलेल्या इमारतीला असे कोणतेही उत्तेजन मिळत नाही. लोकांनी काय निवडावे अशी आपली अपेक्षा आहे? जोवर हे गणित असेच राहील, तोवर व्याख्याने देऊन प्रतिष्ठा वाढणार नाही.

मात्र जिथे जमिनीला तेवढा भाव नाही, तिथे हे गणित बसत नाही. अंबरनाथ, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर इथल्या १९८० ते २००० मधल्या असंख्य इमारतींना विकासक मिळणार नाही आणि तिथल्या लोकांना दुरुस्तीशिवाय दुसरा मार्ग नाही. खरी गरज तिथे आहे.

कर-अभ्यासक

दगडविटा यांच्या गणितात कराचीही भर घालावी लागेल. सोसायटीने दुरुस्तीचे कंत्राट दिले की बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. बांधकाम चालू असलेले निवासी घर घेणाऱ्याला एप्रिल २०१९ पासून ५ टक्के आणि परवडणाऱ्या घरांच्या वर्गात १ टक्का कर द्यावा लागतो. जुने सांभाळणाऱ्याने अधिक दराने कर भरावा, हे मला अनाकलनीय वाटते.

दगडविटा

ही तुलना पूर्ण नाही. त्या ५ टक्क्यांच्या योजनेत विकासकाला सिमेंट-पोलादावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे तो कर घराच्या किमतीतच मुरलेला असतो. तरीही सामान्य सभासदाच्या डोळ्यांपुढे बिलावरचा १८ चा आकडा येतो आणि तो पाहून सभा मोडते, हे मी स्वतः पाहिले आहे. दुरुस्तीच्या कामांवरचा दर कमी व्हावा, याला माझा पाठिंबा आहे.

सदाशिवपेठी

चर्चा काँक्रीटपुरती राहू नये म्हणून आमच्या वाड्याची हकीकत सांगतो. पुण्यातल्या पेठांमधले बहुतेक वाडे गेले. आमचा राहिला, कारण तीन चुलतभावांचे क्वचितच जमणारे एकमत या बाबतीत झाले.

चौकातला एक सागवानी खांब तळखड्यापाशी, म्हणजे खालच्या बैठकीच्या दगडापाशी, कुजला होता. दोन कंत्राटदारांनी खांब काढून लोखंडी गर्डर घालायचा सल्ला दिला. मग सासवडकडचे एक वृद्ध सुतार मिळाले. त्यांनी पटाशीने खांबाचा कुजका भाग टोचून पाहिला, खडूने खूण केली आणि सांगितले की हातभर लाकूड गेले आहे, वरचे अजून शंभर वर्षे चालेल. तुळईखाली जॅक लावून भार उचलला, खांबाचा तेवढाच बुंधा कापला, जुन्या मोडलेल्या वाड्यातून आणलेल्या सागाचा तुकडा कुसू (खाचेत बसणारे टोक) करून खाली बसवला आणि आडव्या खुंट्या ठोकल्या. दोन दिवसांनी जॅक काढताना आम्ही सगळे चौकात उभे होतो. लाकूड एकदा करकरले आणि शांत झाले. त्या माणसाच्या ज्ञानाला आपल्या व्यवस्थेत कोणतीही पदवी, श्रेणी किंवा दर नाही. अंदाजपत्रकात त्यांची नोंद ‘सुतार, प्रतिदिन’ एवढीच होती.

चुन्याचेही तसेच आहे. वडिलांच्या काळात भिंतींच्या खालच्या भागाला सिमेंटचा गिलावा केला होता. आतली विट चुन्यात बांधलेली, मऊ आणि श्वास घेणारी. सिमेंटने ओल आत कोंडली, ती वर चढली आणि क्षारांनी विटा भुगा केल्या. ते सिमेंट काढून पुन्हा चुना आणि सुरखीचा (विटांच्या भुकटीचा) गिलावा केल्यावर दोन वर्षांत भिंत वाळली. चुना मुरवायला किती दिवस, त्यात गूळ आणि बेलफळाचे पाणी केव्हा घालायचे, हे सांगणारे गवंडी आता शोधावे लागतात.

मृण्मयी

मी जतन-वास्तुविशारद आहे. सदाशिवपेठी यांनी लिहिलेला अनुभव वाचून फार समाधान वाटले. वारसा इमारतींच्या बाबतीत मुंबईने १९९५ साली देशात सर्वप्रथम वारसा नियमावली केली. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला आणि २०२२ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि भायखळा रेल्वे स्थानक या दोन्ही कामांचा तसाच गौरव झाला. भायखळा स्थानकाचे मला विशेष कौतुक वाटते, कारण तिथून रोज लोकल पकडणाऱ्या माणसाला दुरुस्तीचे सौंदर्य वेगळे तिकीट न काढता पाहायला मिळते.

अडचण अशी, की हा मान वारशाच्या यादीतच थांबतो. १९७० च्या दशकातली एखादी साधी तीन मजली इमारत कोणी उत्कृष्टपणे दुरुस्त केली, तर तिला कोणी पुरस्कार देत नाही. फ्रान्समधल्या बोर्डो शहरात लाकातों आणि वासाल या वास्तुविशारदांनी सहकाऱ्यांसह १९६० च्या दशकातल्या सामाजिक गृहप्रकल्पातली ५३० घरे न पाडता, रहिवाशांना न हलवता बाहेरून रुंद सज्जे जोडून मोठी आणि उजेडाची केली. त्या दोघांना २०२१ मध्ये वास्तुकलेतला मानाचा प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला. गिरणगावकर यांनी सांगितलेल्या अंधाऱ्या खोल्यांचा विचार दुरुस्तीतही करता येतो, हे त्यातून मला पटले.

औसेकर

लातूर-धाराशिवच्या १९९३ च्या भूकंपाचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून लिहितो. ३० सप्टेंबरच्या पहाटे माणसे दगावली ती मुख्यतः घरांमुळे. दगडांच्या जाड भिंतींना आत आणि बाहेर दोन पदर आणि मधे माती-गोटे. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. आणि वर माळवदाचा मातीचा प्रचंड भार. हादरा बसताच पदर सुटले आणि माळवद खाली आले.

सर्वाधिक उद्ध्वस्त झालेली गावे नव्या जागी वसवली गेली, ते सर्वांना माहीत आहे. पण त्याच पुनर्वसन कार्यक्रमात हजारो गावांतली उभी राहिलेली घरे बळकट करण्याचाही मोठा भाग होता, त्याची आठवण कोणी काढत नाही. माळवदावरची माती कमी करायची, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरायचे, लाकडी खांब-तुळईच्या कोपऱ्यांना तिरपे आधार द्यायचे, अशी ती साधी तंत्रे होती. गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले होते आणि त्या घरोघरी हे समजावून सांगत. माझी मावशी त्यांपैकी एक होती.

मावशी सांगायची, की लोक ऐकून घेत, मान हलवत आणि मिळालेल्या पैशातून जुन्या घराशेजारी काँक्रीटची एक खोली बांधत. ज्या भिंतीने शेजाऱ्याचा जीव घेतला, तिच्यात भोक पाडून सिमेंट भरल्याने ती सुरक्षित होईल, यावर विश्वास बसणे अवघड होते. मावशीने स्वतःचे घर मात्र बळकट करून घेतले, कारण इतरांना सांगण्यापूर्वी आपण करावे असे तिला वाटले. ते घर आजही उभे आहे आणि भिंतीतले ते काँक्रीटचे ठिपके तिने गिलाव्याखाली झाकू दिले नाहीत.

म्युनिकवासी

मी जर्मनीत इमारतींच्या ऊर्जाबचतीच्या क्षेत्रात काम करते. युरोपीय आयोगाने ऑक्टोबर २०२० मध्ये नूतनीकरणाची मोहीम जाहीर केली आणि २०३० पर्यंत साडेतीन कोटी इमारत-एककांचे (घरे, गाळे वगैरे) नूतनीकरण करण्याचे उद्दिष्ट ठेवले. इथला हेतू प्रामुख्याने थंडीत उष्णता वाचवण्याचा आहे, त्यामुळे जसेच्या तसे काही उचलता येणार नाही.

तरी दोन गोष्टी ओळंबा यांच्या मुद्द्याला लागू पडतात. इथे बाह्य भिंती-खिडक्यांच्या कामाला सरकारी अनुदान हवे असेल तर अधिकृत यादीतल्या तज्ज्ञाला सहभागी करावेच लागते आणि तो तज्ज्ञ घरमालकाला टप्प्याटप्प्याचा आराखडा करून देऊ शकतो: आधी छप्पर, मग खिडक्या, मग भिंती. सगळे पैसे एकदम नसलेल्या कुटुंबाला तो कागद फार आधार देतो. दुसरी गोष्ट कारागिरांची. गवंडीकामात किंवा सुतारकामात ‘माइस्टर’ (उस्ताद कारागिराची अधिकृत पदवी) झालेल्या माणसाला पुढे जुन्या वास्तूंच्या जतनाची स्वतंत्र पात्रता मिळवता येते आणि ती तो आपल्या दुकानाच्या पाटीवर लिहितो. सदाशिवपेठी यांच्या सुतारांना इथे तशी पाटी लावता आली असती.

फोंडेकर

आमच्या गोव्यात चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घरांची परिस्थिती वेगळी नाही. मंगळुरी कौले उतरवून, धुऊन, फुटकी तेवढी बदलून पुन्हा चढवणारे लोक दर उन्हाळ्यात यायचे. आता कौलांवरच पत्रा घालतात. पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीत पर्यटक फोटो काढतात ती घरे अशाच वार्षिक निगेमुळे टिकली आहेत.

थापी

माझे वडील गवंडी होते आणि मी दुरुस्तीच्या कामावर पर्यवेक्षक आहे. एवढ्या चर्चेत परांचीवरच्या माणसाविषयी दोन शब्द असावेत, म्हणून लिहितो.

नव्या कामावर गवंड्याला मोकळी जागा आणि ठरलेले माप मिळते. दुरुस्तीत तो सातव्या मजल्यावर बांबूच्या परांचीवर उभा राहून डोक्यावरचा छज्जा फोडतो, धूळ नाकातोंडात जाते, खाली लोकांची ये-जा चालू असते आणि खिडकीतून कोणीतरी आवाज बंद करा म्हणून ओरडत असते. रोजगार मात्र तेवढाच, किंवा थोडा कमीच. कंत्राट बहुतेक वेळा सर्वांत कमी दरवाल्याला मिळते आणि तो दर पाळण्यासाठी सळई साफ करण्याची वेळ कापली जाते, कारण ते काम मॉर्टर भरल्यावर कोणाला दिसत नाही.

आमच्या एका कामावर सल्लागार बाईंनी नियम केला होता की प्रत्येक सळई साफ झाल्यावर आणि लेप दिल्यावर जागेच्या क्रमांकासह फोटो काढायचा आणि त्याशिवाय पुढचा थर भरायचा नाही. सुरुवातीला सगळे वैतागले. महिन्याभराने आमचेच गवंडी ते फोटो घरी दाखवू लागले, कारण आपण काय केले याचा पुरावा त्यांना पहिल्यांदा मिळाला होता.

रेवा

थापी, हे वाचून मी माझ्या प्रकल्पाचा विषय बदलायचा विचार करते आहे. अशा फोटोंची पद्धतशीर नोंदवही कशी ठेवावी, हाच विषय घेता येईल का?

ओळंबा

रेवा, अवश्य घ्या. माझ्याकडच्या तीन पूर्ण झालेल्या कामांची मोजमापे, मालकांची परवानगी घेऊन, मी देऊ शकेन.

दगडविटा यांचा मुद्दा मी सर्वांत गांभीर्याने घेतो आहे. जमिनीच्या भावाने जिथे निर्णय होतो तिथे आमच्या बोलण्याचा परिणाम मर्यादित राहील. उरलेल्या महाराष्ट्रासाठी मात्र दुरुस्ती हे स्वतंत्र शास्त्र म्हणून उभे करावे लागेल. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरला चार मजली इमारत पडून १७ माणसे गेली, तेव्हा तळमजल्यावर चालू असलेल्या फेरबदलांत खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला होता. खांबाला हात लावण्याचा अधिकार कोणाला असावा, हा प्रश्न आम्हा अभियंत्यांच्या मानापेक्षा मोठा आहे.

मुलुंडचे सचिव

येत्या रविवारी आमची विशेष सर्वसाधारण सभा आहे. हा धागा वाचून मी ठरावाचा मसुदा बदलला आहे. तपासणी करणारा अभियंता आणि काम करणारा कंत्राटदार वेगळे असतील, अभियंत्याचे शुल्क दुरुस्तीच्या खर्चाच्या टक्केवारीवर न ठरवता आधीच ठरवले जाईल, आणि थापी यांनी सांगितलेल्या फोटोंशिवाय कोणतेही बिल मंजूर होणार नाही, अशी तीन कलमे घातली आहेत. उपविधींनुसार आमच्या वयाच्या इमारतीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी व्हायला हवी आणि आमची मागची तपासणी सात वर्षांपूर्वीची आहे, हेही सभेपुढे मान्य करणार आहे.

ओळंबा, तपासणीत नेमके काय काय मागावे, एवढे सांगाल का?

ओळंबा

सचिवसाहेब, प्रत्येक घरात जाऊन केलेली डोळ्यांची पाहणी आणि ठोकून केलेली चाचणी आधी मागा; न्हाणीघरांच्या खालचे स्लॅब कोणी टाळू देऊ नका. तळमजल्याच्या खांबांवर स्वनातीत स्पंद चाचणी (ध्वनिलहरींनी आतले काँक्रीट किती एकसंध आहे ते पाहणे), हाफ-सेल चाचणी (सळई गंजण्याची शक्यता मोजणे) आणि कार्बोनेशनची खोली, म्हणजे अल्कता किती आतपर्यंत संपली ते, हवे. ताकद तपासण्यासाठी काँक्रीटचे कोअर (दंडगोल नमुने) कुठून काढायचे ते अभियंत्याला ठरवू द्या, पण काढलेल्या जागा त्याच दिवशी बुजवून घ्या. सर्व निष्कर्ष मजल्याच्या नकाशावर खुणा करून मागा, कारण नुसत्या तक्त्यांवरून सभासदांना आपल्या घराची स्थिती कळत नाही. फिनॉल्फ्थॅलिनची चाचणी होईल तेव्हा समितीच्या दोघा-तिघांना खाली बोलवा. रंग कुठे उमटतो आणि कुठे उमटत नाही, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या.